जर्दा हरवला आहे

नांदेडला देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत मकसूदभाई मन्सुरींचं गाद्यांचं दुकान आहे. एका अंगाला कापूस पिंजायची मशीन, दुसऱ्या अंगाला तयार गाद्यांची थप्पी, आणि थप्पीच्या टोकावर, छताला कान लागतील इतक्या उंच, जर्दा. जर्दा म्हणजे बोका. रजियाबींनी नळाजवळून उचलून आणला तेव्हा तो मुठीत मावत होता, आणि रंग थेट लग्नाच्या दावतीतल्या केशरी गोड भातासारखा. त्या भाताला जर्दा म्हणतात, म्हणून हाही जर्दा.

मकसूदभाईंचं त्याच्याशी पटत नव्हतं. निदान मकसूदभाईंचं म्हणणं तरी तसंच होतं. "कापसात केस, गादीवर केस, चहात केस," ते आल्यागेल्याला सांगत. "गिऱ्हाईक विचारतंय, चाचा, ही गादी कापसाची का बोक्याची? मी कवाच हाकलून दिलो असतो. पर घरवालीचा लाडका हाय. काय करता?" आणि हे सांगताना त्यांचा डावा हात बोक्याच्या मानेखाली खाजवत असे. त्या हाताची आणि तोंडाची ओळख नसावी.

एका दुपारी जर्दा थप्पीवर दिसला नाही. संध्याकाळीही दिसला नाही. रजियाबींनी ओट्यावर मलईची वाटी ठेवली, तर सकाळी तिला मुंग्या लागलेल्या. गुडघे धरून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अजी, जाके देखो ना जरा."

"येतंय की. बोका हाय, कुठं सौदीला जातंय?" असं म्हणून मकसूदभाई बाहेर पडले आणि गल्लीतल्या प्रत्येक हातगाड्याखाली वाकून पाहून आले. कुणी विचारलं तर सांगत, "काही नाही, पाय मोकळे करून राहिलो." एवढे वाकून पाय मोकळे करणारा माणूस गल्लीनं आजवर पाहिला नव्हता.

टेम्पोवाला व्यंकटी गाद्या पोचवायला नेहमी येत असे. त्याला विचारलं, "तुझ्या गाडीत तर चढला नव्हता ना रे?"

"न्हाई चाचा! एवढा मोठा बोका चढला तर मला दिसंना व्हय? मी काय झोपून गाडी चालवतो?"

त्यानंतर मकसूदभाईंनी एका गिऱ्हाइकाची उशी चारही बाजूंनी शिवून पक्की केली आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की कापूस बाहेरच राहिलाय.

मुलगी अर्शी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होती. बापाचा उतरलेला चेहरा आणि आईची न उचललेली मलईची वाटी पाहून ती म्हणाली, "अब्बू, मी फेसबुकवर टाकते. लोकांचे कुत्रे, मांजरं, पोपट सगळं सापडतं तिथं."

"बोक्याला फेसबुक येतंय का?" मकसूदभाई म्हणाले. त्यांच्याकडे बटनाचा फोन होता आणि तोही ते उलटा धरत.

"बोक्याला नाही येत, पण ज्याच्या घरात तो शिरलाय त्याला येतं ना."

या बोलण्यात तथ्य होतं. अडचण निघाली ती फोटोची. जर्द्याचे फोटो होते ढीगभर, पण कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची त्याला खोड होती. शेपटीचे फोटो भरपूर, तोंडाचा एकच. त्या फोटोत मकसूदभाई गादीवर मांडी घालून बसले होते, मशीनवरून नुकतेच उठल्यामुळं डोक्यावर, भुवयांवर कापूस, मेंदी लावलेली दाढी पिंजारलेली, तोंड अर्धवट उघडं, नजर कुठंतरी छताकडं. आणि मांडीवर जर्दा, राजासारखा, सरळ कॅमेऱ्यात बघत.

"हाच टाक," रजियाबी म्हणाल्या. "क्या सुंदर दिख रहा है." त्या बोक्याबद्दल बोलत होत्या.

अर्शीनं मजकूर लिहिला. आईनं सांगितला तसा, जशाच्या तसा:

"आमचा बोका जर्दा हरवला आहे. अंगानं भरलेला, डोळे घारे, रंग मेंदीसारखा. स्वभावानं गरीब आहे, पण जबरदस्ती केली तर ओरबाडतो. हाक मारली तरी लवकर ओ देत नाही. घाबरला की खाटेखाली शिरतो. दूध-पोळी दिली की शांत होतो. दिसल्यास बाहेर जाऊ न देता खालील नंबरवर फोन करावा. घरचे काळजीत आहेत."

पोस्ट पडली आणि माणुसकीला नुसता पूर आला. बिलोलीहून एकानं पांढऱ्याशुभ्र मांजराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "रंग उन्हानं उडाला असेल." एकानं शेळीचा पाठवला. ती शेळी का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं, "दूध किती देतो?" एका सद्गृहस्थांनी पोस्ट न वाचताच "भावपूर्ण श्रद्धांजली" वाहिली आणि त्यांच्या मागोमाग पुष्कळ जणांनी हात जोडले. रजियाबींनी ते पाहून हंबरडा फोडला, तेव्हा अर्शीला तासभर समजावत बसावं लागलं, की ही माणसं सगळ्यांनाच वाहतात.

पण खरा घोळ झाला तो पुढं. पोस्ट एका ग्रुपमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत गेली. कुठंतरी कुणीतरी ती उतरवून घेताना पहिली ओळ गाळली. पुढं कुण्या परोपकारी माणसाला वाटलं, फोटोत मांजर मध्ये मध्ये येतंय, चेहरा नीट दिसत नाही. त्यानं फोटो खालून कापला. बोका गेला, मकसूदभाई राहिले. मग कुणी त्यावर तांबड्या अक्षरात मथळा चढवला, "हरवला आहे", आणि पोस्ट नांदेडभर फिरून लातूर जिल्ह्यात शिरली. अंगानं भरलेला, डोळे घारे, रंग मेंदीसारखा. स्वभावानं गरीब आहे, पण जबरदस्ती केली तर ओरबाडतो.

घरात कुणालाच याचा पत्ता नव्हता. मकसूदभाईंना एवढंच जाणवलं, की लोक अचानक फार प्रेमानं वागायला लागलेत. चौकातला चहावाला त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला. एका अनोळखी पोरीनं त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. खरं तर त्यांना पलीकडं जायचंच नव्हतं. एक जण वाकून विचारून गेला, "चाचा, घर आठवतंय ना?"

"रजिया, लोक कसे का असंनात," मकसूदभाई घरी येऊन म्हणाले, "एका बोक्यासाठी एवढी हमदर्दी! नांदेडच्या माणसांचं दिल मोठं हाय."

आणि एका सकाळी अर्शीचा फोन वाजला. अहमदपूरहून लुंबिनी नावाच्या बाई बोलत होत्या. त्या ग्रामसेविका होत्या, आणि त्यांच्याकडं मूळची, अख्खी पोस्ट पोचली होती. "तुमचा बोका आमच्या सासूबाईंकडं आहे. आमच्या कोपऱ्यावर गाद्यांचा टेम्पो चहाला थांबला होता, त्यातून उतरला आणि सरळ स्वयंपाकघरात आला. सासूबाईंनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलंय. रोज सगळी भांडी तपासतो म्हणून."

रजियाबींनी आकाशाकडं हात पसरले. मकसूदभाईंनी व्यंकटीच्या नावानं दोन शब्द काढले, बुडाशी कापूस अंथरलेली झाकणाची टोपली उचलली आणि टोपी डोक्यावर नीट बसवायच्याही आधी ते रस्त्यावर होते. रजियाबींचे गुडघे बसच्या पायऱ्या चढण्यासारखे नव्हते आणि अर्शीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ठरलं असं, की लुंबिनीताई गावातली मीटिंग उरकून स्टँडवर येतील आणि मकसूदभाईंना घरी नेतील. मकसूदभाईंनी फक्त स्टँडवर थांबायचं.

"जाऊन मी काही त्याचे लाड करणार नाही," बसमध्ये बसेपर्यंत ते अर्शीला सांगत होते. "कान धरतो आणि आणतो." त्यांचा बटनाचा फोन दुकानात चार्जिंगला लावलेला तसाच राहिला, हे त्यांना लोहा मागं पडल्यावर कळलं.

अहमदपूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मकसूदभाई सावलीतल्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले. बाई काही येईनात. तेवढ्यात कॅन्टीनच्या मागं, खोक्यांच्या ढिगात, केशरी शेपूट हललं. मकसूदभाई ताडकन उठले. कोण जाणे, बोका तिथूनही पळाला असेल! ते खोक्यांपाशी ओणवे झाले आणि आर्जवानं म्हणू लागले, "जर्दा! जर्दा! ये ना रे! जर्दा!"

बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं कनवटीची तंबाखूची पुडी काढून पुढं केली. "घ्या चाचा. एवढं काकुळतीला काय येता? घ्या चिमूटभर."

"तो नाही. माझा जर्दा."

"मंग हा कुनाचा हाय?" म्हातारा जरा दुखावला.

खोक्यातून एक भलतंच, कुणाचंही नसलेलं मांजर बाहेर आलं आणि निघून गेलं. मकसूदभाई उठून उभे राहिले तर समोर एक धिप्पाड, गोरा, कपाळाला भस्माचे पट्टे लावलेला माणूस. एक डोळा मोबाइलवर, एक मकसूदभाईंवर. हा उमाशंकर. स्टँडसमोर त्याचं जूस सेंटर होतं आणि 'मदतीचा हात' नावाचा ग्रुप तोच चालवायचा. अपघात, रक्त, हरवले-सापडले, सगळं त्या ग्रुपवर. त्यानं मोबाइलमधला फोटो पाहिला, मकसूदभाईंच्या भुवईला चिकटलेला कापूस पाहिला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चाचा, नाव काय तुमचं?"

"मकसूद."

"कुठून आलात?"

"नांदेड."

"हेच!" उमाशंकर मागं वळून म्हणाला, आणि कुठून कुठून माणसं जमली. "अंगाला हात लावू नका कुनी! ओरबाडतात."

मकसूदभाईंनी आपल्या मागं कुणी ओरबाडणारं उभं आहे की काय, म्हणून वळून पाहिलं.

"चाचा, घाबरू नका. तुम्ही हरवलात, पर आता सापडलात."

"मी? मी कुठं हरवलो? माझा बोका हरवला."

"हाव चाचा, हाव."

"त्याला न्यायला आलोय. तो गाद्यांच्या टेम्पोतून इकडं आला."

"आला असंल की."

"आता तो इन्स्पेक्टर हाय!"

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला. "कुनाचा सोन्यासारखा मानूस," ती म्हणाली, "काय झालंय बघा."

मकसूदभाईंच्या ध्यानात येत होतं, की आपण जेवढं खरं बोलतो तेवढं आपलं कठीण होतंय. पण खोटं काय बोलावं, हेही सुचेना. ते रागावले तर लोक मागं सरत आणि म्हणत, "पोस्टमध्ये लिहिलंच हाय." गप्प बसले तर म्हणत, "ओ देत न्हाईत, लिहिलंच हाय." त्यांना जूस सेंटरमध्ये पंख्याखाली बसवलं. समोसा आणला. त्यांनी तोंड फिरवलं. दोन तगडे जवान दाराशी बसले आणि एकानं आतल्या बाकड्याखाली जागा मोकळी करून ठेवली. चाचांना शिरावंसं वाटलं तर अडचण नको.

उमाशंकर बाहेर जाऊन पोस्टवरच्या नंबरला फोन लावत होता. अर्शी परीक्षेत. बऱ्याच वेळानं तिनं तो पाहिला आणि उलट फोन केला. तिला वाटलं, लुंबिनीताईंच्या घरचंच कुणीतरी बोलतंय. हे बोलणं नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं सांगणं अक्षरन् अक्षर जुळलं.

"ताई, अहमदपुरातून बोलून राहिलो. तुमचं हरवलेलं मानूस..." उमाशंकरनं सांगायला सुरुवात केली.

गाड्यांच्या गोंगाटात अर्शीला फक्त 'अहमदपूर' आणि 'हरवलेलं' ऐकू आलं. "हो हो दादा! कसा आहे तो?"

'तो' म्हटल्यावर उमाशंकरनं अंदाज बांधला, बहीण असावी. आवाज तरणा होता, पण फोनवर वयाचं काय कळतंय. "बरे हायत. थोडे चिडलेत."

"नवीन माणसं बघून तो असंच करतो. खाल्लं का काही?"

"समोसा दिलो. तोंड लावीनात."

"समोसा? नका देऊ दादा, पोट बिघडेल त्याचं! दूध-पोळी कुस्करून द्या. आणि मानेखाली हळूहळू खाजवा, लगेच डोळे मिटतो बघा."

उमाशंकरनं काचेतून मकसूदभाईंच्या मानेकडं पाहिलं. "ते आमच्यानं व्हायचं न्हाई ताई."

"बरं, राहू द्या. फक्त दार लावून घ्या, नाहीतर खिडकीतून उडी मारतो. आणि एका कोपऱ्यात थोडी वाळू ठेवा."

"वाळू?"

"हो ना, वाळूशिवाय त्याचं होत नाही. दादा, अब्बू निघालेत इकडून, पोचतीलच. टोपलीत घालून आणतील. मला आत बोलावतायत, ठेवते हं!"

उमाशंकर आत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "यांचे वडील येऊन राहिलेत," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "ह्यांचंच वय एवढं, तर बापाचं किती असंल? आणि लेकाला टोपलीत घालून न्यायचं म्हणतंय बिचारं म्हातारं." मग त्याला आठवलं. "आन् कुनीतरी थोडी वाळू आना."

"माझे वालिद?" मकसूदभाई उठले. त्यांच्या वालिदांना जाऊन जमाना झाला होता. "ते कुठून येतेत?"

"येतेत चाचा, येतेत. तुम्ही दूध प्या."

समोर परात आली. दुधात कुस्करलेली पोळी. कडेनं उमाशंकरनं मोबाइल उंच धरला आणि लाइव्ह सुरू केलं. "नमस्कार मित्रांनो, तुमच्या 'मदतीचा हात'ला आज मोठं यश मिळालंय..." मकसूदभाई सकाळपासून उपाशी होते. लोक बघत होते, पंखा फिरत होता, आणि पोळी कुणीतरी मनापासून, साखर घालून कुस्करली होती. त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा.

"झाले शांत!" मागून कुणीतरी म्हणालं. "बघा, लिहिलंच हाय."

तिकडं नांदेडला शेजारच्या अफसानानं आपला मोबाइल रजियाबींच्या नाकासमोर धरला. रजियाबींनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ये तो हमारेच हैं. पर उधर दूध-रोटी कायको खा रहे?"

तेच लाइव्ह लुंबिनीताईंनी मीटिंगमधून निघता निघता पाहिलं. मूळच्या पोस्टमधला माणूस त्यांनी ओळखला, कपाळावर हात मारला आणि सासूबाईंना फोन केला. "आई, बोक्याला घेऊन स्टँडवर या. लवकर. त्याच्या मालकाला लोकांनी धरून ठेवलंय."

सासूबाई, म्हणजे कोंडाबाई, आल्या त्या तरातरा. उंच, काटक बाई, पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले, आणि काखेत पोत्याच्या पिशवीतून बाहेर काढलेलं एक केशरी, वैतागलेलं डोकं. मागून लुंबिनीताई गाडीवरून उतरल्या. कोंडाबाईंनी गर्दी कोपरानं दुभंगली. "काय लावलंय रं? कुनाला धरलंय?"

"मावशी, हरवलेले चाचा हायत. वडील येऊन राहिलेत त्यांचे."

"ते हरवले न्हाईत. हे हरवलंय." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "इन्स्पेक्टर. कुनाचा हायस तू, सांग यांना."

लुंबिनीताईंनी मोबाइलवर अख्खी पोस्ट उघडून उमाशंकरपुढं धरली. त्यानं ती वाचली, आपली पाहिली, परत ती वाचली. पण गर्दीला एवढ्यानं पटेना. एक जण म्हणाला, "फोटोचं काय, फोटो काय बी करता येतो. बोक्यानं वळखायला पायजे." गर्दीला हा न्याय पसंत पडला. सगळे गोल करून उभे राहिले.

जर्दा पिशवीतून बाहेर आला. त्यानं अंग ताणलं. उमाशंकरकडं पाहिलं, मोसंब्यांकडं पाहिलं, मकसूदभाईंकडं पाहिलं, आणि खाली बसून पंजा चाटायला लागला.

"न्हाई वळखत," कुणीतरी हळूच म्हणालं.

मकसूदभाईंनी मायेनं हाक मारली, "जर्दा बेटा." बोक्यानं दुसरा पंजा काढला. अशी हाक त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती. ती आपल्याला असेल, असं त्याला कसं वाटावं?

तेव्हा मकसूदभाईंचा तोल सुटला. सकाळपासूनचं ऊन, समोसा, वाळू, वालिद, सगळं एकदम वर आलं. "अरे नालायक!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "बेशरम! तिकडं तुझी अम्मा रो रोके आंधळी होऊन राहिली, आणि तू इथं इन्स्पेक्टरी करून राहिला! तुझ्यापायी मी गल्लीतल्या गटारी हुंगलो! रात रात झोपलो नाही! उशीत कापूस घालायचा विसरलो रे हरामखोर! कुठं मेला होतास तू?"

जर्द्याचे कान उभे झाले. हा आवाज ओळखीचा होता. हा त्याचा रोजचा आवाज होता. तो उठला, दुधाची परात ओलांडून आला, मकसूदभाईंच्या छातीवर चढला, आणि दाढीत तोंड खुपसून घरघरायला लागला. मकसूदभाईंच्या शिव्या चालूच होत्या. फक्त त्या हळूहळू पुसट होत गेल्या आणि शेवटी नुसते ओठ हलत राहिले. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"माझाच हाय तो," ते टोपीआडून म्हणाले. "घरवालीचं नाव उगंच सांगत होतो."

आता मघाच्या बाईनं परत पदर लावला, पण डोळ्यांना. तंबाखूवाला म्हातारा म्हणाला, "आत्ता जर्द्याचं कळलं." उमाशंकर मात्र भिंतीशी उभा राहून घाम पुसत होता. लाइव्ह अजून चालूच होतं आणि अख्खा जिल्हा ते बघत होता.

"चाचा, लई मोठी चूक झाली," तो हात जोडून म्हणाला. "काय शिक्षा द्यायची ती द्या."

मकसूदभाईंनी त्याच्याकडं पाहिलं. एवढा मोठा गडी लहान पोरासारखा उभा होता. "चूक कसली? मी खरंच हरवलो असतो, तर असंच धरायला पायजे होतं कुनीतरी," ते म्हणाले. "फक्त एवढं कर. पुढच्या खेपेला समोरच्याचं पन ऐकत जा."

जेवल्याशिवाय जायचं नाही, असं कोंडाबाईंनी सांगितलं. नवं, स्वच्छ घर होतं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली हार. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. मकसूदभाई जेवले. बोका घरभर फिरून प्रत्येक भांड्यात डोकावून आला, तशी कोंडाबाई म्हणाल्या, "बघा. झाली तपासणी."

"लुंबिनी सकाळी गावाला जाती," त्या ताटात भाकरी वाढत म्हणाल्या. "सुगत, माझा लेक, लातूरला नोकरीला हाय, रविवारीच येतो. हे आलं आन् घरात बोलायला मिळालं बघा. मी शिव्या घातल्या की बसून ऐकतंय. मानसं न्हाई ऐकत." त्या हसल्या आणि उठून पाणी आणायला गेल्या. पाणी तर भरलेलंच होतं.

मकसूदभाईंनी टोपली उघडली. बोका आत बसला. झाकण लावायचं तेवढं राहिलं, पण हात काही झाकणापर्यंत जाईना. कोंडाबाई चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या. या बाईचं काय होऊन राहिलंय, हे मकसूदभाईंइतकं अहमदपुरात कुणालाच कळलं नसतं.

"बाई," ते म्हणाले, "त्याला बसची सवय नाही. वाटेत ओरडला तर मला एकट्याला आवरायचा नाही. तुम्ही नांदेडपर्यंत चला."

"मी कशाला येऊ बाबा?" कोंडाबाई म्हणाल्या, आणि खुंटीवरची पिशवी काढून त्यात लुगडं घालायला लागल्या. "चार दिसानं जत्रंला जावं म्हनतच होते मी, तर तिकडंच येते."

"आई, जत्रा कुठली आत्ता?" लुंबिनीताईंनी विचारलं.

"तू गप."

बसची काही गरजच पडली नाही. उमाशंकर स्वतःची गाडी घेऊन दारात हजर झाला. दुकानाला त्यानं कुलूप घातलं होतं. प्रायश्चित्त म्हणून नांदेडपर्यंत तो मोबाइलला शिवला नाही. फक्त एकदा लोह्यात थांबून त्यानं आपल्या ग्रुपवर खरी हकीकत टाकली, न गाळता, स्वतःच्या नावानिशी. त्यावर पहिलंच उत्तर आलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

देगलूर नाक्याची गल्ली रस्त्यावर आली होती. अफसाना मोबाइल घेऊन सगळ्यांत पुढं. रजियाबी गुडघे धरून पायऱ्या उतरल्या, मकसूदभाईंच्या शेजारून गेल्या, गाडीत वाकल्या आणि टोपलीसकट बोक्याला छातीशी धरलं. मग मागं वळून म्हणाल्या, "और तुम? दूध-रोटी हजम हुई?" गल्ली हसली. मकसूदभाईही हसले.

कोंडाबाई गाडीतून उतरून बाजूला उभ्या होत्या. रजियाबींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच सांभाळलं ना माझ्या लेकराला?"

"सांभाळलं कसलं. वाळवलंय तुम्ही त्याला. नुसती मलई देता म्हने. जनावराला मासळी लागती."

"मासळी? त्याला मासळीनं खाज सुटते!"

"माझ्याकडं तर न्हाई सुटली."

"तुम्ही बघितली नसंल."

मकसूदभाई मध्ये पडायला पुढं सरकले. पण दोघी बोलत बोलत आत गेल्या, आणि बराच वेळ चुलीपाशी आवाज चढत राहिले, आणि मग कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि मग दोघी हसल्या. संध्याकाळी अर्शी कॉलेजातून आली तेव्हा मासळी तळल्याचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. उमाशंकर ओसरीवर मांडी घालून तिसऱ्यांदा वाढून घेत होता आणि म्हणत होता, "आमच्यात चालत न्हाई, पर घरी सांगू नका."

नुसत्या सोबतीला म्हणून आलेल्या कोंडाबाई रविवारपर्यंत राहिल्या. सुगत लातूरहून आईला न्यायला नांदेडला आला, तर आई घरी नव्हती. रजियाबी आणि ती रिक्षा करून विष्णुपुरीचं धरण बघायला गेल्या होत्या. गुडघ्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही. सुगत दुकानात बसला. मकसूदभाईंनी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि दोघं गप्पा मारत, बायका परत यायची वाट बघत बसले.